कापलेलं जाळं आणि गाळपेरातले तंबू : उजनीच्या फुगवट्यावरचं एक प्रकरण

हे प्रकरण एप्रिलअखेरच्या एका शनिवार-रविवारचं आहे. पुण्याहून पाच जण गळाने मासे धरायला आणि उजनी धरणाच्या काठावर मुक्कामाला आले होते. सोबत एक चारचाकी आणि दोन तंबू. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावचे एक मासेमार, त्यांना मी इथे तात्या म्हणतो, त्यांचं जाळं त्या रात्री कापलं गेलं. आणि ज्यांच्या गाळपेरात, म्हणजे धरणाच्या पाण्याने सोडलेल्या गाळावरच्या पिकात, हे तंबू ठोकले गेले त्या मावशी आमच्याच आळीतल्या. रविवारी सकाळी वाद हातघाईवर येईल असं दिसलं तेव्हा मला बोलावणं आलं. त्यामुळे तिन्ही बाजू मला जवळून ऐकायला मिळाल्या. कुणाचंच नाव मी देणार नाही, त्याची गरजही नाही.

दर उन्हाळ्यात अशी एक-दोन भांडणं होतात आणि दोन्हीकडचे लोक ती माणुसकीच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. गावाला वाटतं पुण्याची पोरं माजली आहेत, पोरांना वाटतं गावाला पैसे उकळायचे आहेत. मला हे प्रकरण वेगळं दिसलं. त्या दोन दिवसांत जे जे बिघडलं, ते बहुतेक सगळं धरणाचं पाणी कसं चढतं-उतरतं आणि त्या पाण्यामागे इथली माणसं कशी हलतात, हे ठाऊक नसल्यामुळे बिघडलं. म्हणून ते सविस्तर लिहितो.

आधी हा काठ

उजनीचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली धरणात पाणी अडलं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साचलेलं पाणी, मागे इंदापूर, करमाळा, कर्जत करत दौंडच्या बाजूला पसरलेला. कागदावर जलाशयाचं नाव यशवंतसागर, बोलण्यात मात्र सगळे उजनीच म्हणतात. भरलं की सुमारे २९ हजार हेक्टर पाण्याखाली जातं. आमचं जुनं गावठाण त्यातच आहे. पाणी फार उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक मुलाबाळांना घेऊन बघायला जातात.

उजनीची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला नेहमी कोड्यात टाकते, ती म्हणजे ‘उणे’ साठा. धरणाचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आणि त्याखाली मृतसाठा ६३.६६ टीएमसी. म्हणजे बातमीत ‘उजनी शून्यावर’ आलं तरी समोर समुद्रासारखं पाणी दिसत असतं. त्यानंतर मृतसाठ्यातून उपसा सुरू होतो आणि टक्केवारी उणे लिहिली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या आसपास गेली होती. एप्रिल-मेमध्ये येणारा पाहुणा जिथे तंबू ठोकतो, ती जागा बहुधा याच उतरणाऱ्या पाण्याने नुकतीच सोडलेली असते.

किती नुकतीच, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. समजा कालवा आणि नदी मिळून नऊ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला नऊ हजार घनफूट, सुटतंय. दिवसाला ते पाऊण टीएमसीच्या थोडं वर जातं. उन्हाळ्यात पाण्याचा पसारा २०० चौरस किलोमीटर धरला, तर पातळी दिवसाला साधारण ११ सेंटीमीटर उतरते. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण फुगवट्याच्या कडेला जमीन फार सपाट आहे. शंभर मीटरला एक मीटर उतार धरला, तर तेवढ्या उतरण्याने काठ ११ मीटर मागे सरकतो, तोही एका दिवसात. बाष्पीभवन वेगळंच.

आता या सरकत्या काठावर कोण कोण असतं ते बघा. पाण्याने सोडलेली जमीन पाटबंधारे खात्याची. ती एका वर्षाच्या भाडेपट्ट्याने पेरायला मिळते, प्राधान्य धरणग्रस्तांना. हीच गाळपेर. त्यात मका, कडवळ, भुईमूग, कलिंगड असं काहीबाही असतं. त्याच्या पुढे, पाण्याच्या तोंडाशी, वरच्या उसाला पाणी उचलणाऱ्या मोटारी. पाणी मागे गेलं की शेतकरी मोटार पुढे नेतो, पाइप जोडतो, केबल वाढवतो आणि तरीही पाणी पुरेना झालं की चारी खोदतो. त्याच्यापुढे पाण्यात मासेमारांची जाळी. काठ सरकला की हे सगळंच सरकतं.

पुण्याच्या पाच जणांना यातलं दिसलं काय? संथ पाणी, हिरवा पट्टा आणि लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा. जागा त्यांना मोकळी वाटली. त्यात मी त्यांना दोष देत नाही, कारण तिथे कुंपण नाही, पाटी नाही आणि दुपारी चार वाजता उन्हाचं चिटपाखरू नसतं.

शनिवार

पहिला फटका गाडीला बसला. गाळ वरून वाळून भेगाळलेला असतो. त्यावर माणूस चालतो, शेळ्या चालतात, मोटरसायकलही जाते. खाली हात-दीड हात रेंदा असतो. गाडी पाण्यापासून बरीच अलीकडे होती तरी पुढची दोन्ही चाकं बुडाली. त्यांनी चाकाखाली दगड घातले, मग कडवळ उपटून घातलं. हे कडवळ मावशींचं. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर आला आणि गाडी निघाली, पण ट्रॅक्टर वळवताना भुईमुगाच्या चार-पाच ओळी गेल्या. मावशी त्या वेळी भिगवणच्या बाजाराला गेलेल्या.

भेगा पायाने दाबून बघितल्या असत्या तर हे टळलं असतं. टाचेने जोर दिल्यावर भेगेच्या कडा हलल्या किंवा ओल वर आली, तर तिथे गाडी घालायची नाही. आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले सुद्धा आधी उतरून चालत जाऊन बघतात.

दुसरी गोष्ट त्या दिवशी घडली नाही, पण घडू शकली असती, आणि मला तीच सगळ्यांत जास्त खुपते. तंबूपासून वीसेक पावलांवर मोटारीची केबल जमिनीवर पडलेली होती. जोडाला काळी चिकटपट्टी, एके ठिकाणी नुसतंच प्लॅस्टिक गुंडाळलेलं. तीच केबल पुढे ओल्या गाळातून पाण्यात गेली होती. त्या पाचांपैकी एकजण गुडघाभर पाण्यात उभा राहून गळ टाकत होता, हातात कार्बनचा रॉड. कार्बन फायबर विजेचं वाहक असतं. वीज आमच्याकडे पाळीने येते. केबल आता मेलेली आहे म्हणून तासाभराने मेलेलीच असेल असं नाही. रविवारी मी त्याला तो जोड दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. शेतकऱ्यालाही मी सांगितलं की जोड उंचावर, काठीला बांध. त्याने बांधला. असे जोड काठावर किती असतील, ते पाणी उतरल्यावर कुणीही चालत जाऊन बघावं.

बेटाचा हट्ट

पाचच्या सुमाराला त्यांनी तात्यांना गाठलं. पाण्यात मध्ये एक उंचवटा उघडा पडला होता आणि त्यांना तिथे रात्र काढायची होती. पैसे चांगले देत होते. तात्यांकडे एक होडी आणि थर्माकोलचा चप्पू, म्हणजे छोटा तराफा, आहे. त्यांनी दोन्हीला नकार दिला. पाहुण्यांनी रक्कम वाढवली. तात्या म्हणाले, “पाव्हणं, पैशाचा इषय न्हाई. वारं सुटायची येळ हाय.”

तात्यांचं हे वाक्य त्यांना सबब वाटलं, असं त्यांच्यातल्याच एकाने मला नंतर सांगितलं. आभाळ निरभ्र होतं. पण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारी तापलं की संध्याकाळी वळवाचं वारं सुटतं, ते सुटायच्या आधी फार सूचना देत नाही. मैलोनमैल मोकळं पाणी असल्याने लाट लगेच उभी राहते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहत काठाला लागला, सहा गेले. त्यात लहान मुलंही होती. शोधकार्य चाललं तेव्हा दोन्ही काठांवर माणसं दिवसरात्र बसून होती. त्यानंतर या भागातल्या कुठल्याही होडीवाल्याला संध्याकाळी पाण्यात चल म्हणणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. तात्यांनी ते सांगितलं नाही. त्यांचा स्वभाव मोजकं बोलण्याचा. एवढं सांगितलं असतं तर पुढची कटुता निम्मी झाली असती असं माझं मत आहे, आणि मी ते त्यांना बोलून दाखवलंय.

सहा वाजून गेल्यावर वारं सुटलंच. फार मोठं नव्हतं, पण एक तंबू उखडून पंधरा-वीस फूट फरफटला. गाळात खुंट्या धरत नाहीत. वाळलेला थर पापुद्र्यासारखा निघून येतो आणि खुंटी हातात राहते. त्यांनी मग तंबू मावशींच्या रानातल्या नांगरटीच्या कडेला, बांधालगत हलवले. तिथे खुंट्या धरल्या. ते करताना ठिबकची एक नळी भोसकली गेली, ती रात्रभर गळत राहिली.

जाळं

आता मुख्य गोष्ट. तात्यांनी तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याचं, जाळं शुक्रवारी संध्याकाळी लावलं होतं, छातीभर पाण्याच्या पुढे. शनिवारी रात्रीपर्यंत पाणी उतरून तेच जाळं काठाच्या आणखी जवळ आलं. तंगूस पाण्यात दिसत नाही, ती त्याची खुबीच आहे. वर खुणेला थर्माकोलचे तुकडे आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या बाटल्या. चांदणं नव्हतं. डोक्याला दिवा लावून एकाने ल्युअर फेकला. ल्युअर म्हणजे माशाच्या आकाराचं खोटं आमिष, त्याला तीन तोंडांचे दोन गळ. तो जाळ्यात अडकला. आधी त्याला मोठा मासा वाटला, मग शेवाळ. ओढून निघेना तेव्हा तो पाण्यात उतरला, दोऱ्याच्या मागे मागे गेला, जाळं हाताला लागलं आणि त्याने चाकूने जाळं कापून ल्युअर सोडवला. दिव्याच्या उजेडात, छातीभर पाण्यात, घाईघाईने कापल्यामुळे भोक लहान राहिलं नाही. वरची दोरीही तुटली आणि जाळ्याचा एक पदर खाली बसला.

रविवारी पहाटे तात्या जाळं काढायला गेले तेव्हा अर्धं जाळं गुंडाळी होऊन पडलेलं. मासे जे काही लागले असतील ते गेले. ते सरळ तंबूवर आले.

“दोरा तोडायचा सोडून जाळं का तोडलंसा?”

हा प्रश्न माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. पाहुण्याचं उत्तरही ऐकण्यासारखं होतं. तो म्हणाला, काठावर जागोजाग टाकून दिलेली जाळी पडलेली दिसली, ती पक्ष्यांच्या पायात अडकतात, त्यामुळे हे पण तसलंच टाकलेलं असेल असं वाटलं. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्यांच्या तंबूबाहेर एक पोतं होतं, त्यात त्यांनी दुपारी वेचलेलं जुनं तंगूस भरलेलं होतं. आमच्या काठावर जुनी जाळी खरंच पडून असतात, हे आम्हाला नाकारता येणार नाही. फाटलेलं जाळं दुरुस्त करण्यापेक्षा नवीन परवडतं म्हणून लोक ते तिथेच टाकतात. पाण्यात राहिलेलं टाकाऊ जाळं मासे मारतच राहतं, ते कुणाच्या पोटात जात नाहीत.

पण लावलेलं जाळं आणि टाकलेलं जाळं ओळखता येतं, आणि तात्यांनी ते तिथेच करून दाखवलं. लावलेल्या जाळ्याला वर खुणा सारख्या अंतरावर असतात, खाली वजन असतं आणि हाताने धरलं तर ते ताणलेलं लागतं. सूत स्वच्छ असतं. टाकलेलं जाळं ढिलं, गाळाने तपकिरी झालेलं, गाठी पडलेलं, त्यावर शेवाळाचा थर. अंधारात नजरेने कळलं नाही तरी हाताला कळायला हवं होतं. ल्युअरची किंमत सहाशे रुपये होती. तेवढ्यासाठी घरादाराचं साधन कापलं गेलं, हे तात्यांना लागलं होतं.

बांधावरची बैठक

मी पोचलो तोवर दहा-बारा माणसं जमली होती. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं होतं, पाहुण्यांपैकी एकजण मोबाइलवर चित्रण करत होता. ते आधी बंद करायला लावलं. मग मावशींनीच चहा ठेवला. मी सगळ्यांना बांधावर बसवलं.

तात्यांची मागणी दोन भागांत होती. जाळ्याचा तुटलेला भाग नव्याने भरायचा खर्च, आणि जाळं दुरुस्त होईपर्यंतच्या रात्रींचं नुकसान. पाहुणे पहिल्याला लगेच तयार झाले, दुसऱ्यावर अडले. त्यांना तो आकडा मनाला येईल तसा वाटत होता. मग तात्यांच्या घरच्यांनी, म्हणजे काकूंनी, भिगवणच्या बाजारात आदल्या आठवड्यात मासळी घातलेल्या लिलावाच्या चिठ्ठ्या आणून समोर ठेवल्या. वजन, भाव, अडत, सगळं लिहिलेलं. त्या चिठ्ठ्या बघितल्यावर वाद संपला. पाहुण्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही.

मावशींनी भुईमुगाचे पैसे घेतले नाहीत. नळीचा जोड मात्र बाजारातून आणून द्यायला लावला आणि स्वतः उभं राहून बसवून घेतला.

बैठकीत आणखी एक मुद्दा निघाला, तो पुढच्यासाठी महत्त्वाचा आहे. पाहुणे म्हणाले, आम्ही मावशींना जागेचं भाडं देतो, दर वेळी इथेच उतरतो. मी त्याला विरोध केला. गाळपेराचा पट्टा पिकासाठी असतो, तंबूसाठी नाही. उद्या कुणी तक्रार केली तर पट्टा मावशींचा जाईल, पाहुणे पुण्याला निघून गेलेले असतील. धरणात जमीन गेलेल्या माणसाकडे वर्षाच्या बोलीवर का होईना, जे परत आलंय, ते पाहुणचारापायी घालवायचं नाही. मावशींची धरणासाठीच्या संपादनाच्या रेषेच्या वर दीड एकर मालकीची जमीन आहे, विहिरीशेजारी. तिथे तंबू पडले तर कुणाची काही हरकत असायचं कारण नाही. पाणी थोडं लांब पडतं, एवढंच.

मासेमारीबद्दलही बोलणं झालं. जलाशयातल्या मासळीचा हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिलेला असतो. स्फोटक किंवा विष वापरून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. हौसेने गळ टाकणाऱ्याला आमच्या मासेमारांची ना नसते, फक्त विचारून टाका आणि धरलेली मासळी विकू नका, एवढं त्यांचं म्हणणं. तात्यांनी एक जास्तीची अट घातली: रात्री ल्युअर नाही. रात्री गळच टाकायचा तर एका तोंडाचा, पिठाच्या नाहीतर पेंडीच्या गोळ्यावर, काठालगत.

चिलापी सोडायची का?

भांडण मिटल्यावर जे बोलणं झालं ते मला भांडणापेक्षा मोलाचं वाटतं. पाहुणे ‘धरा आणि सोडा’ या तत्त्वाचे. आदल्या दिवशी त्यांनी धरलेली सगळी चिलापी परत सोडली होती, एक शिंगटा मात्र रात्री भाजून खाल्ला होता. तात्यांनी कपाळाला हात लावला.

चिलापी म्हणजे तिलापिया. ती इथली नाही. आफ्रिकेतली मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणली गेली आणि पुढे देशभरच्या तलावांत पसरली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगण्याचं प्रमाण मोठं. वितभर होण्याच्या आधीच ती विणीला येते आणि वर्षातून अनेकदा विते. त्या दिवशी तात्यांनी पाहुण्यांना ओल्या गाळावर नेलं. तिथे थाळीएवढे गोल खड्डे एकाला एक लागून पडलेले होते, कडा नीट कोरलेल्या. हे नर चिलापीने उथळ पाण्यात केलेले विणीचे खड्डे. पाणी उतरलं की उघडे पडतात. पाहुण्यांनी आदल्या दिवशी त्यांचे फोटो काढले होते, कसले आहेत ते ठाऊक नसताना.

उलट कटला, रोहू, मृगळ यांना विणीसाठी पावसाळ्यातलं वाहतं, पुराचं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते वीत नाहीत. म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. ते बोटभर असतानाच वडापसारख्या बारीक जाळ्यात गेलं तर पुढे मोठा मासा येणार कुठून? तात्या वडापच्या पूर्ण विरोधात आहेत आणि त्यासाठी त्यांनी आपल्याच भावबंदांशी वैर घेतलंय. मरळ, शिवडा, वाम, शिंगटा ही इथली जुनी मासळी त्यांच्या लहानपणी जशी लागायची तशी आता लागत नाही. बाजारात चिलापीचेच ढीग दिसतात. महामार्गावरच्या हॉटेलांत पुण्या-मुंबईचे लोक थांबून जी खातात, तीही मुख्यत्वे हीच.

त्यामुळे तात्यांचं सांगणं सरळ होतं. चिलापी लागली तर ठेवा, खा, द्या कुणाला. सोडायचीच असेल तर मरळ सोडा, लहान कटला सोडा. त्यातही हात ओले करून धरा आणि गळ काढताना मासा तापलेल्या गाळावर ठेवू नका. आमिषाला जिवंत मासा बाहेरून आणू नका. मांगूर तर मुळीच नको, त्या विदेशी मांगुराच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. पाहुण्यांपैकी एकाने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मला ते आवडलं.

पाण्याबद्दल एक गोष्ट मीच सांगितली. त्यांचे पिण्याचे कॅन संपत आले होते आणि धरणाचं पाणी उकळून घेऊ असा त्यांचा विचार होता. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यातून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय येते, वास येतो. उकळल्याने जंतू मरतील, पण कारखान्यांचं जे काही त्यात आहे ते जाणार नाही. मावशींच्या विहिरीवरून कॅन भरून दिले. हे बोलताना मला एक सल आहेच, ती लपवत नाही: ज्या शहराचं पाणी आम्हाला हिरवं होऊन मिळतं, त्या शहराची पोरं सुट्टीला त्याच पाण्याकाठी येतात, तर निदान त्यांनी घरी जाऊन हे बोलावं.

पावसाळ्यात हाच काठ उलटा चालतो

जाताना त्यांनी विचारलं, ऑगस्टमध्ये हिरवळ असेल तेव्हा येऊ का? मी नको म्हणालो. आमचा भाग अवर्षणाचा. आमच्या डोक्यावर ऊन असताना मावळ-मुळशीच्या घाटात पाऊस कोसळत असतो, वरची धरणं भरली की पाणी सुटतं आणि ते दौंडवरून उजनीत येतं. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात लोक आभाळ बघण्याऐवजी दौंडचा विसर्ग विचारतात. मोठ्या पुरात तो लाख क्युसेकच्या वर जातो. लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी. धरण भरत आलेलं असतानाच्या २९ हजार हेक्टरांवर पसरवलं तरी पातळी दिवसात पाऊण मीटरहून जास्त चढते. सपाट गाळपेरावर पाणी ऐंशी मीटर आत येतं. धरण रिकामं असताना पसारा कमी, म्हणजे चढ आणखी वेगाने. रात्री झोपलेल्या माणसाला आवाजही येत नाही, कारण पाणी लोंढ्याने येत नाही, नुसतं वर येतं. त्या दिवसांत मोटारी काढायला शेतकऱ्यांची जी धावपळ होते ती बघितलेला माणूस काठाला तंबू ठोकणार नाही.

उसाच्या कडेला उघड्यावर झोपू नका, हेही सांगितलं. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालावी लागली होती. बिबटे उसात आहेतच. तंबूची चेन बंद ठेवणं आणि मासळीची घाण तंबूजवळ न टाकणं, एवढं तरी पाळायला हवं. घाण पुरायची तर हातभर खोल, नाहीतर कुत्री उकरतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

पुढे

डिसेंबरमध्ये ते पुन्हा आले. आधी फोन केला. तंबू मावशींच्या मालकीच्या रानात, विहिरीजवळ पडले. जेवण मावशींकडे, बाजरीची भाकरी आणि चिलापीचं कालवण, त्याचे पैसे ठरवून. डिसेंबरात पाणी भरपूर असतं, काठ वरच्या कठीण जमिनीला टेकलेला असतो आणि गाळाचा प्रश्न येत नाही. मुक्कामाला हाच काळ बरा. संध्याकाळी तात्या त्यांच्याबरोबर काठाने चालत गेले आणि जाळी कुठून कुठवर आहेत ते दाखवलं. एका टोकाच्या बाटलीला त्यांनी उजेडात चमकणारी पट्टी चिकटवली होती. ती पट्टी पाहुण्यांनीच पुण्याहून पाठवली होती. आता गावातल्या आणखी दोघांनी ती मागवली आहे. जुनी जाळी टाकायला मावशींच्या विहिरीवर एक पिंप ठेवलंय. भरतं, पण सगळेच त्यात टाकतात असं अजून झालेलं नाही.

पाचांतला एक बेटाचं नाव काढायचा सोडत नव्हता. तात्यांनी शेवटी सांगितलं, सकाळी सातला निघू, दहाच्या आत माघारी, लाइफ जॅकेट अंगात असलं तरच. वस्तीला नाही. ते जॅकेट घेऊन आले, तात्यांसाठीही एक आणलं. तात्या सुरुवातीला ते घालायला लाजत होते. आता थंडीत घालतात, ऊब लागते म्हणतात.